खडूच्या टेकडीखाली: पोमेरी शॅम्पेनची तळघरं कशी घडली

१८६८ साली फ्रान्समधल्या रँस शहरात एका विधवा बाईंनी सँ-निकेझ नावाच्या टेकडीवर मोठं काम काढलं. टेकडीवर डोळ्यांत भरावं असं काही नव्हतं. होते ते खड्डे. खोल, अंधारे, एकशेवीस खड्डे. शेकडो वर्षांपूर्वी लोकांनी तिथून बांधकामाचा दगड काढून नेला, गरज संपली आणि खाणी तशाच पडून राहिल्या. शॅम्पेनचा धंदा चालवणाऱ्या या लुईझ पोमेरी यांना नेमके ते खड्डेच हवे होते. पुढची दहा वर्षं खपून त्यांनी ते भुयारांनी एकमेकांना जोडून घेतले, वर किल्ल्यासारख्या इमारती उभ्या केल्या आणि वरचं जग खालच्या जगाशी जोडायला ११६ पायऱ्यांचा एक प्रचंड जिना बांधला.

आज त्या टेकडीच्या पोटात सुमारे १८ किलोमीटर भुयारं आहेत, जमिनीपासून साधारण ३० मीटर खोल. दहा मजली इमारत उलटी करून जमिनीत घातली तर तिची गच्ची जिथे पोहोचेल, तिथे ही भुयारं आहेत. आणि तिथे लाखो बाटल्या वर्षानुवर्षं आडव्या पडून असतात. अशा जागांचं वर्णन करताना ‘वाइन साठवायचं तळघर’ असं आपण सहज म्हणून जातो. पण शॅम्पेनच्या बाबतीत हा शब्द अपुरा पडतो. धान्य कोठारात ठेवलं तर धान्यच राहतं. इथे बाटली खाली जाते तेव्हा तिच्यात साधी, आंबटसर वाइन असते आणि वर येते तेव्हा शॅम्पेन असते. मधला सगळा बदल तळघरात होतो. म्हणून हे तळघर समजलं की शॅम्पेन बरीचशी समजते.

पेवासारख्या खाणी

आधी ते खड्डे. फ्रेंचमध्ये त्यांना ‘क्रेयेर’ म्हणतात, म्हणजे खडूची खाण. आपण शाळेत फळ्यावर लिहितो तो खडू बहुतेक वेळा जिप्समचा असतो, पण रँसच्या खाली आहे तो खराखुरा, निसर्गात तयार झालेला खडू. कोट्यवधी वर्षांपूर्वी, डायनासोर जिवंत होते त्या काळात, या प्रदेशावर समुद्र होता. त्यात तरंगणारे अतिसूक्ष्म जीव मेले की त्यांची चुनखडीची कवचं तळाशी जाऊन बसत. त्यांचे थरावर थर साठले, दाबले गेले आणि पांढरा, मऊ, सच्छिद्र दगड तयार झाला.

या दगडाचा मोठा गुण असा की ओला असतो तोवर तो सहज कापला जातो आणि बाहेर काढून वाळू दिला की घट्ट होतो. बांधकाम करणाऱ्याला आणखी काय हवं? रँस हे रोमन काळातलं महत्त्वाचं शहर, तेव्हाचं त्याचं नाव दुरोकोर्तोरुम. या खाणी रोमन काळापासूनच्या आहेत असं परंपरेने सांगतात. त्यांतल्या पुष्कळशा मध्ययुगात खणल्या गेल्या असाव्यात, असं आजचे अभ्यासक मानतात. मला यात वाद दिसत नाही. गाव हजार-दीड हजार वर्षं एकाच टेकडीतून दगड काढत राहिलं, तर खाणी एकाच काळातल्या कशा असतील?

त्यांचा आकार मात्र मराठी माणसाला चटकन कळेल असा आहे, कारण आपल्याकडे पेव होतं. जमिनीत खणलेलं ज्वारीचं कोठार, वरून तोंड एवढंसं, जेमतेम माणूस उतरेल इतकं, आणि आत पोट मोठं. ‘पेव फुटणे’ हा शब्दप्रयोग आपण रोज करतो, पण पेव पाहिलेली माणसं आता थोडीच उरली. क्रेयेर म्हणजे एक भलंमोठं पेवच समजा, फक्त गोलाऐवजी चौकोनी. वर लहानसं चौकोनी तोंड आणि खाली जाल तशा चारही भिंती दूर सरकत जातात. तळाशी उभं राहून वर पाहिलं तर आपण एखाद्या पिरॅमिडच्या आत उभे आहोत आणि त्याचं टोक कुणीतरी कापून तिथे आभाळाचा तुकडा बसवलाय, असं दिसतं.

हा आकार हौसेने आलेला नाही. वरचा थर भुसभुशीत, थंडी-पावसाने पिचलेला. त्यात मोठं तोंड ठेवलं तर कडा ढासळायच्या. शिवाय तोंड लहान असलं की पाऊस कमी आत येतो आणि वरची जमीनही वाया जात नाही. चांगला दगड खाली. तिथे पोहोचल्यावर खाणकामगार हळूहळू चहूबाजूंनी कापत, भिंतींना उतार देत खाली जायचे. उतार असल्याने वरचं वजन भिंतींतून सरळ खाली उतरतं आणि कुठेही आधाराचा खांब लागत नाही. कापलेले ठोकळे वरच्या तोंडातून दोराने ओढून काढायचे. ओझं पेलणारा, पाऊस टाळणारा असा हा आकार कुठल्याही वास्तुविशारदाने कागदावर काढलेला नव्हता. तो कामातून घडत गेला.

भिंतींवर कुदळीचे घाव अजून दिसतात. तिरपे, एकाखाली एक, एका हाताच्या लयीत पडलेले. भिंतीला बोट लावलं की ते ओलं होतं आणि पांढरंही. त्या ओलाव्याची गोष्ट आता सांगतो.

विहिरीचं पाणी उन्हाळ्यात गार का लागतं?

खेड्यात राहिलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे: विहिरीचं पाणी वैशाखात गार लागतं आणि पौषात पहाटे काढलं तर त्यातून वाफ निघते. पाणी बदललेलं नसतं. बदललेली असते बाहेरची हवा. जमीन उष्णता फार सावकाश आत घेते आणि सावकाशच बाहेर सोडते. दिवस-रात्रीचा फरक हात-दोन हात खोलीवर विरून जातो. ऋतूंचा फरक जास्त खोल पोहोचतो, पण तोही दहा-पंधरा मीटरच्या खाली जवळजवळ नाहीसा होतो. त्याच्याखाली जमिनीचं तापमान बारा महिने एकच असतं, आणि ते साधारण त्या गावच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाएवढं असतं.

रँसमध्ये हिवाळ्यात बर्फ पडतो आणि उन्हाळ्यात पारा तिशी ओलांडतो. वर्षाची सरासरी काढली तर ती दहा-अकरा अंश सेल्सिअसच्या आसपास येते. म्हणून टेकडीखाली ३० मीटरवर जानेवारीतही साधारण १० अंश आणि जुलैतही १० अंश. कुठलंही यंत्र नाही, वीज नाही. लुईझ पोमेरींच्या काळात कृत्रिम थंडावा करणारी यंत्रं नुकती कुठे येऊ लागली होती. तेव्हा ही स्थिर थंडी दुसऱ्या कुठल्याही मार्गाने मिळण्यासारखी नव्हती.

नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात अशी तळघरं का नाहीत, असा प्रश्न एव्हाना कुणाच्या तरी मनात आला असेल. दिंडोरी तालुक्यात २०१३ पासून शाँदाँ या फ्रेंच नावाने, शॅम्पेनच्याच पद्धतीने फेसाळ वाइन बनते. मग तिथेही ३० मीटर खणलं तर? उत्तर वरच्याच नियमात आहे. नाशिकचं वर्षाचं सरासरी तापमान पंचवीस अंशांच्या आसपास. तितकं खोल खणलं तर कायमचे पंचवीस अंश मिळतील, दहा नाहीत. शिवाय आपला काळा कातळ कुदळीने लोण्यासारखा कापला जात नाही. त्यामुळे आपल्याकडे थंडी यंत्राने तयार करावी लागते आणि जाड, उष्णता अडवणाऱ्या भिंतींत राखावी लागते. यात कमीपणा काही नाही, जमीनच वेगळी आहे. पण जमिनीचा हा फरक लक्षात घेतला की रँसचं वेगळेपण नेमकं कशात आहे ते कळतं.

खडूचा दुसरा गुण पाण्याचा. हा दगड स्पंजासारखा आहे. एका घनमीटर खडूत ३०० ते ४०० लिटर पाणी मावतं. वेलींच्या मुळांना कोरड्या उन्हाळ्यात तेच पाणी उपयोगी पडतं आणि तळघरात तेच भिंतींतून किंचित पाझरत हवा दमट ठेवतं. पूर्वी आंबवण्याच्या काळातही बाटल्यांना बूच असायचं. कोरड्या हवेत बूच आकसलं तर वायू निसटणार. दमट हवेत ते फुगलेलं, घट्ट राहतं. या ओलाव्याचा एक तोटाही आहे: कागद टिकत नाही. म्हणून तळघरातल्या बाटल्यांवर लेबल नसतं. बाटल्यांच्या प्रत्येक थप्पीपाशी एक लहानशी पाटी अडकवतात. त्या थप्पीत कुठली वाइन आहे, किती आहे, ते तिच्यावर खुणेच्या आकड्यांत लिहिलेलं असतं. लेबल लागतं ते शेवटी, वर आल्यावर.

बाटलीच्या आत काय चालतं

आता मुख्य प्रश्न. वाइनला एवढी स्थिर थंडी कशासाठी हवी?

शॅम्पेन दोनदा आंबते. पहिल्यांदा साध्या वाइनसारखी, मोठ्या भांड्यात. ती वाइन बाटलीत भरताना तिच्यात थोडी साखर आणि यीस्ट घालतात, लिटरला साधारण २४ ग्रॅम साखर, आणि बाटली बंद करतात. यीस्ट ही साखर खाऊ लागतं. त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. ताक आंबलं की बरणीचं झाकण फुगतं, इडलीचं पीठ वर येतं, तोच हा प्रकार. फरक एवढाच की इथे वायूला बाहेर पडायला वाट नाही. तो निमूटपणे वाइनमध्ये विरघळतो. शॅम्पेनचे बुडबुडे म्हणजे हाच कोंडलेला वायू.

कोंडलेला वायू किती दाब देतो? सुमारे सहा वातावरणांइतका, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या सहापट. पेट्रोल पंपावर गाडीच्या चाकात ३०-३२ हवा भरतात ना, त्या मापात सांगायचं तर ८५ च्या वर. तोही काचेच्या बाटलीत. आणि हा हिशोब १० अंशांचा. बाटली २० अंशांवर गेली तर विरघळलेला वायू सुटू पाहतो आणि दाब आणखी दीड-दोन वातावरणांनी वाढतो.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही काच आजच्याइतकी मजबूत नव्हती आणि साखर किती घालायची याचाही अंदाजच असायचा. वसंत ऋतूत हवा तापली की बाटल्या फुटू लागायच्या. एक फुटली की तिच्या काचा शेजारच्या बाटल्यांवर, त्या फुटल्या की पुढच्या. चांगली अर्धी थप्पी एका रात्रीत जायची. कामगार तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे घालून तळघरात शिरत, आणि तरीही डोळे जात. १८३६ मध्ये शालों गावच्या झाँ-बातिस्त फ्राँस्वा या औषधविक्याने वाइनमध्ये साखर आधीच किती आहे ते मोजून वर किती घालायची, याची रीत बसवली. तेव्हापासून फुटण्याचं प्रमाण कमी होत गेलं. त्या माणसाचं नाव शॅम्पेनच्या गोष्टींत फार कमी वेळा ऐकू येतं, याचं मला वाईट वाटतं. किती जणांचे डोळे त्याच्यामुळे वाचले असतील.

काच आणि साखर ही दोन उत्तरं झाली. तिसरं उत्तर होतं थंडी, आणि ते खड्ड्यांमध्ये तयार होतं. १०-१२ अंशांवर यीस्ट सावकाश काम करतं. सहा-आठ आठवडे लागतात, पण दाब हळूहळू चढतो, एकदम उसळत नाही. या संथपणामुळे फेसही बारीक आणि टिकाऊ होतो, असं तिथले जाणकार मानतात.

साखर संपली की यीस्ट मरतं आणि गाळ होऊन बाटलीत खाली बसतं. इथून खरं मुरणं सुरू होतं. मेलेल्या यीस्टच्या पेशी हळूहळू फुटतात आणि त्यांतली द्रव्यं वाइनमध्ये उतरतात. भाजलेल्या पावाचा, लोण्याचा, सुक्या मेव्याचा जो वास चांगल्या शॅम्पेनला येतो, त्यातला बराचसा इथून येतो. लोणचं जसं घालून लगेच खात नाहीत, तसंच हे. आजच्या नियमाप्रमाणे साधी शॅम्पेनही भरल्यापासून किमान १५ महिने तळघरात राहावी लागते आणि एकाच वर्षाच्या द्राक्षांची, त्या वर्षाचं नाव लावलेली शॅम्पेन असेल तर किमान ३ वर्षं. शॅम्पेन बनवणारी चांगली घराणी याहून पुष्कळ जास्त ठेवतात. म्हणजे आज विकायची एक बाटली असेल, तर तिच्यामागे पुढच्या तीन-चार वर्षांच्या बाटल्या खाली पडून हव्यात. आता १८ किलोमीटर कशाला लागतात ते लक्षात येईल.

गाळ बाहेर काढायचा तर फेस न घालवता. यासाठी बाटल्या लाकडी घोडीवर लावतात. दोन फळ्या वर टोकाशी जोडून तंबूसारख्या उभ्या केलेल्या, प्रत्येक फळीला ६० भोकं, त्यांत बाटल्यांच्या माना खोचलेल्या. कामगार रोज प्रत्येक बाटली दोन्ही हातांनी पकडून एक झटका देतो, थोडी फिरवतो आणि किंचित जास्त उभी करतो. बाटलीच्या बुडाला पांढऱ्या रंगाची एक रेघ असते, ती पाहून आज किती फिरवली ते कळतं. उजव्या हातात एक, डाव्या हातात एक, खट-खट, खट-खट, आणि माणूस पुढे सरकतो. सराईत हात दिवसाला ४०,००० बाटल्या फिरवतो. काही आठवड्यांनी बाटली उलटी उभी होते आणि सगळा गाळ बुचाशी जमतो. ही युक्ती १८१६ च्या सुमारास रँसच्याच वव्ह क्लिको घराण्यात निघाली, असं मानतात. ‘वव्ह’ म्हणजे विधवा. बार्ब-निकोल क्लिको या बाईंनी तरुणपणी पती गेल्यावर धंदा हातात घेतला होता.

मग बाटलीची मान गोठवतात, बूच काढतात, गाळाचा बर्फाचा गोळा दाबाने उडून जातो, जेवढी वाइन कमी झाली तेवढी भर घालतात आणि पक्कं बूच बसवतात. मान गोठवण्याची रीत १८८४ ची. त्याआधी हे सगळं केवळ हाताच्या चलाखीवर व्हायचं.

खाली भुयार, वर इंग्रजी किल्ला

आता पुन्हा लुईझ पोमेरींकडे. त्यांचा जन्म १८१९ चा. पती लुई-अलेक्झांद्र लोकरीच्या व्यापारातले, १८५६ मध्ये नार्सिस ग्रेनो यांच्याबरोबर वाइनच्या धंद्यात आले. दोन वर्षांत ते वारले. पदरात एक मुलगा आणि तान्ही मुलगी. धंदा तोवर मुख्यतः लाल वाइनचा होता. बाईंनी तो बदलला आणि फेसाळ वाइनवर सगळा भर दिला. आणि गिऱ्हाईक ठरवलं: इंग्लंड.

या एका निर्णयात पुढचं सगळं बांधकाम दडलेलं आहे. त्या काळची शॅम्पेन गोड असायची, आज आपल्याला पिववणार नाही इतकी. रशियाला जाणाऱ्या बाटल्यांत तर लिटरला दोनशे ग्रॅमपेक्षाही जास्त साखर असे. म्हणजे जवळजवळ पाकच. इंग्रज लोकांकडे जेवणानंतरच्या गोडासाठी पोर्ट ही गोड वाइन होती. त्यांना जेवणाबरोबर घेता येईल अशी, बिनगोड शॅम्पेन हवी होती. ऐकायला सोपं वाटतं. पण साखर पुष्कळ दोष झाकते. कच्ची द्राक्षं, घाईने बाजारात आणलेली वाइन, तिचा करकरीत आंबटपणा हे सगळं गोडाखाली लपतं. साखर काढून घेतली की वाइन उघडी पडते. मग द्राक्षं पिकलेली हवीत आणि वाइन गाळावर भरपूर मुरलेली हवी. मुरायला वेळ हवा. वेळ हवा म्हणजे जास्त बाटल्या जास्त वर्षं पडून हव्यात. म्हणजे जागा हवी, तीही थंड जागा.

रँसमधली व्यापाऱ्यांची तळघरं घरांखाली, गावभर विखुरलेली असत. एकशेवीस खड्ड्यांच्या टेकडीवर सगळं एका ठिकाणी आणता येणार होतं. फ्रान्स आणि बेल्जियममधून खाणकामगार आले. त्यांनी तळाशी एका खड्ड्यातून दुसऱ्यात भुयारं काढली, वर कमानी दिल्या: कुठे अर्धगोल, जुन्या रोमनेस्क चर्चसारख्या, कुठे टोकदार, गॉथिक. खडू मऊ असला तरी कमानीत कापला की स्वतःला तोलून धरतो. एका लांब भुयारातून चालत गेलं की अचानक छत नाहीसं होतं, वर पिरॅमिडचं पोकळ पोट उघडतं, आणि खूप उंचावरून उजेड उतरतो. पुन्हा भुयार, पुन्हा उजेड. जुन्या खाणीचं तोंड आता झरोक्याचं काम करतं, उजेडाचं आणि हवेचंही. लुईझबाईंच्या माणसांनी जुनं बुजवून नवं बांधलं असतं तर हे काहीच उरलं नसतं. त्यांनी खाणी तशाच ठेवून फक्त मधले दुवे काढले. मला या सगळ्या वास्तूत हीच सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

भुयारांना जगातल्या शहरांची नावं दिली, जिथे जिथे माल जायचा त्या शहरांची. मँचेस्टर, ब्वेनोस आयरेस अशा पाट्या खडूच्या भिंतींवर दिसतात. नवखा माणूस जिथे हमखास हरवेल अशा जागेत ही नावं वाट सापडायलाही कामाची.

वरच्या इमारती तर बघणाऱ्याला बुचकळ्यातच टाकतात. फ्रान्सच्या या भागात कुठेच न दिसणारे बुरूज, निळसर-करड्या भिंती, कंगोरे, थेट पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातल्या इंग्रजी वाड्यांची ढब. पण गिऱ्हाईक कोण होतं ते आठवलं की कोडं सुटतं. वरचा इंग्रजी वाडा आणि खालची भुयारं एकाच गिऱ्हाइकासाठी बांधलेली आहेत. १८७४ चा द्राक्षाचा हंगाम उत्तम लागला आणि त्या वर्षाच्या द्राक्षांतून ‘पोमेरी नातूर’ निघाली, बिनगोड शॅम्पेन, जिला आज ‘ब्रूत’ म्हणतात. बाजारात यशस्वी ठरलेली ती पहिली ब्रूत मानली जाते. आज जगात विकली जाणारी बहुतेक शॅम्पेन ब्रूतच असते, लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखरेची.

१८८० च्या दशकात बाईंनी नावले या शिल्पकाराकडून काही क्रेयेरच्या भिंतींवरच मोठी उठावशिल्पं कोरून घेतली. एकात मद्याचा देव बाकस आणि त्याचा उत्सव आहे, एकात अठराव्या शतकातली शॅम्पेनची मेजवानी. मजुरांशिवाय फारसं कुणी जाणार नाही अशा अंधारात ही कामं कोरलेली आहेत. लुईझबाई १८९० मध्ये वारल्या. मिले या चित्रकाराचं शेतात सांडलेली कणसं वेचणाऱ्या तीन बायकांचं प्रसिद्ध चित्र त्यांनी १८८९ मध्ये तीन लाख फ्रँकना घेतलं होतं. ते त्यांच्या मृत्युपत्रामुळे फ्रान्सच्या सरकारला मिळालं आणि आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.

जिन्यापाशी, वरच्या दालनात, एक अवाढव्य लाकडी पिंप आहे. नान्सीच्या एमिल गाले या कलावंताने ते १९०४ च्या सेंट लुइस इथल्या जागतिक प्रदर्शनासाठी कोरलं. त्यात ७५,००० लिटर वाइन मावते.

शेजारीपाजारी अशीच तळघरं आहेत: रुइनार घराण्याची ३८ मीटरपर्यंत खोल, तेतँजेची एका उद्ध्वस्त मठाच्या तळघराला जोडलेली. २०१५ मध्ये युनेस्कोने शॅम्पेनचे डोंगरउतार, घराणी आणि तळघरं मिळून जागतिक वारशात घेतली, त्यात ही सगळी टेकडी आहे.

भुयारातली शाळा

सप्टेंबर १९१४ मध्ये जर्मन फौजा रँसमध्ये शिरल्या, आठवड्याभरात मागे हटल्या, पण लांब गेल्या नाहीत. शहराच्या बाहेरच्या टेकड्यांवर तोफा लावून त्या चार वर्षं मारा करत राहिल्या. १९ सप्टेंबरला कॅथीड्रल जळालं, ज्यात फ्रान्सच्या राजांचे राज्याभिषेक होत असत. घरं एकामागून एक पडत होती आणि लोकांना जायला एकच सुरक्षित जागा होती.

माणसं तळघरांत राहायला गेली. खडूच्या भिंतींना लागून गाद्या, चुली, देवाच्या तसबिरी. थंड आणि ओलं, पण वर तोफगोळा पडला तरी खाली फक्त हादरा पोहोचायचा. डिसेंबर १९१४ मध्ये पोमेरीच्या भुयारांत शाळा सुरू झाली. तिला फ्रेंच सैन्यातल्या जनरल मोनुरी यांचं नाव दिलं. पुढे आणखी घराण्यांच्या तळघरांतही वर्ग भरू लागले. मुलं टोप्या-कोट घालून, दिव्यांच्या उजेडात बाकांवर बसून पाढे म्हणत. एका बाजूला बाटल्यांच्या थप्प्या, दुसऱ्या बाजूला फळा. त्या फळ्यावरचा खडू आणि भिंत एकाच रंगाची दिसत असेल. १९१७ च्या वसंतात मारा इतका वाढला की शहर रिकामं करावं लागलं. युद्ध संपलं तेव्हा वरच्या रँसमध्ये धड उभी घरं थोडीच उरली होती. पोमेरीच्या वरच्या इमारतींनाही मोठा मार बसला, त्या पुन्हा बांधाव्या लागल्या. खालची भुयारं टिकली.

आता बाटल्या फिरवण्याचं बहुतेक काम यंत्रं करतात, मोठाले लोखंडी पिंजरे शेकडो बाटल्या एकदम हलवतात. खास मोठ्या आकाराच्या बाटल्या मात्र अजून हाताने फिरवतात. २००३ पासून दरवर्षी या भुयारांत आधुनिक कलेचं प्रदर्शनही भरतं, आणि एरवीही लोकांना आत जाऊ देतात. उन्हाळ्यात गेलात तरी स्वेटर किंवा शाल बरोबर घ्या, बाहेरच्या तीस अंशांतून खालच्या दहा अंशांत गेल्यावर पाच मिनिटांत हात गार पडतात. तळव्यांना पकड असलेले बूट घाला, फरशी ओली असते. आणि वयस्क माणसं बरोबर असतील तर आधी चौकशी करा, कारण उतरलेल्या ११६ पायऱ्या परत चढायच्या असतात.